प्रकल्प नोंदी: पेट्रोल पंपाखालची माती आणि भूजल

३ फेब्रुवारी

आज फक्त कागद. पंपावर तीन भूमिगत टाक्या, प्रत्येकी २०,००० लिटरच्या. टाकी १ आणि २ पेट्रोलच्या, ३ डिझेलची. तिन्ही एकपदरी पोलादी आणि एकाच खड्ड्यात शेजारी शेजारी. इंधन टाकीतल्या सबमर्सिबल (इंधनात बुडालेल्या) पंपाने दाबाखाली डिस्पेंसरकडे, म्हणजे गाडीत इंधन भरणाऱ्या यंत्राकडे, जाते. ही गोष्ट आधीच नोंदवून ठेवायला हवी. ओढ-पद्धतीच्या पाईपला छिद्र पडले की हवा आत शिरते, पंप हवा धरतो आणि तक्रार लगेच येते. दाबाच्या पाईपला छिद्र पडले तर इंधन गुपचूप बाहेर जात राहते आणि डिस्पेंसरवर काहीच जाणवत नाही.

साठ्याच्या नोंदवहीतले गेल्या ३० दिवसांचे आकडे उतरवून घेतले. टाकी २ मधून विक्री १,८०,००० लिटर, तूट ९०० लिटर, म्हणजे ०.५ टक्के. टाकी १ मधून विक्री १,५०,००० लिटर, तूट ३०० लिटर, म्हणजे ०.२ टक्के. अमेरिकेतल्या नियमात महिन्याची मर्यादा विक्रीच्या १ टक्का अधिक १३० गॅलन अशी आहे. त्या हिशेबाने टाकी २ ला २,२९२ लिटरपर्यंत तूट चालली असती. तरीही ही तूट आम्ही सोडून देत नाही. दोन्ही टाक्यांत तेच इंधन, तेच टँकर, तीच हवा. बाष्पीभवनाची तूट दोन्हीकडे जवळपास सारखी असायला हवी. टाकी २ चे जादा ०.३ टक्के म्हणजे महिन्याला ५४० लिटर, दिवसाला १८ लिटर.

एका दिवसाच्या डीपवरून, म्हणजे टाकीत रॉड बुडवून घेतलेल्या मापावरून, १८ लिटर दिसणार नाहीत. टाकीचा व्यास २.२ मी., लांबी ५.३ मी. अर्धी भरलेली असताना डीप रॉडवरचा १ मि.मी. म्हणजे ११.७ लिटर, आणि रॉड वाचताना २ मि.मी.ची चूक सहज होते. त्यात तापमान. पेट्रोल दर अंशाला सुमारे ०.०९५ टक्के फुगते, म्हणजे भरलेली टाकी १ अंशाने थंड झाली की १९ लिटर ‘गायब’. त्यामुळे रोजच्या तुटीचा नाही, तर साठत गेलेल्या तुटीचा आलेख काढला. टाकी २ ची रेषा जास्त विक्रीच्या दिवसांत तीव्र उतरते आणि पंप बंद असलेल्या दोन दिवसांत जवळजवळ आडवी राहते. टाकीच गळत असती तर बंद दिवशीही रेषा उतरली असती. संशय पाईपवर.

विक्रीच्या प्रमाणात तूट पडायला आणखी एक कारण असू शकते: मीटरच जास्त सोडत असेल. ५ लिटरच्या प्रमाणित मापाने चारही नोझल तपासली. फरक जास्तीत जास्त ४ मि.लि., म्हणजे ०.०८ टक्के. एवढ्याने ०.३ टक्क्यांचा हिशेब लागत नाही.

६ फेब्रुवारी

जागेची पाहणी. जागा ४० बाय ५० मीटर, टाकीखड्डा वायव्येला, डिस्पेंसर मध्यापासून दक्षिणेला, रस्ता दक्षिण सीमेवर. रस्त्यालगत पूर्व-पश्चिम सांडपाण्याची नळी, चराचा तळ २.४ मी. खोल. नैऋत्येला १६० मीटरवर एका घराची पिण्याच्या पाण्याची कूपनलिका. या कामातला सर्वात महत्त्वाचा बिंदू तोच.

टाकीखड्ड्यात पूर्वीचा १०० मि.मी.चा निरीक्षण पाईप आहे, त्याला टा-१ म्हणू. झाकण उघडताच पेट्रोलचा वास. पाणी जमिनीपासून ३.१ मीटरवर. पाण्यावर इंधनाचा थर नाही, फक्त तवंग. पंपावरच्या सगळ्यांचे मत लगेच ‘टाकी गळतेय’ असे झाले. वास मिळाला एवढ्यावरून ते ठरत नाही. भरणीच्या तोंडाशी वर्षानुवर्षे सांडलेले इंधनही खड्ड्यातल्या भरावात उतरते.

गाडलेल्या वस्तूंचा शोध: जमिनीत पाहणाऱ्या रडारने पाईप, केबल आणि अर्थिंगच्या पट्ट्या आखून घेतल्या. जुन्या नकाशात डिस्पेंसर २ कडे जाणारा पाईप सरळ आहे. प्रत्यक्षात तो मध्येच काटकोनात वळतो, बहुधा छत उभारताना खांबाच्या पायासाठी वळवला असावा. वळण आले म्हणजे जोड आले.

९ फेब्रुवारी

टाकी आणि पाईप यांच्या गळतीचाचण्या. जमिनीचा तपास कितीही तातडीचा असला तरी गळती चालू ठेवून नमुने घेणे चुकीचे. आधी तोटी बंद.

तिन्ही टाक्या पास झाल्या, गळती तासाला ०.३८ लिटरच्या निकषाखाली. चाचणीआधी शेवटचा टँकर रिकामा होऊन पुरेसा वेळ गेला पाहिजे. नव्या इंधनाचे तापमान टाकीशी जुळेपर्यंत आकड्यांना अर्थ नाही. ०.०५ अंशाचा फरकसुद्धा जवळजवळ १ लिटर दाखवतो.

पाईपची चाचणी नेहमीच्या दाबाच्या दीडपटीने, इथे सुमारे ३ बारवर. आधी पाईपमधली हवा पूर्ण काढली. हवेचा फुगा राहिला तर तो स्प्रिंगसारखा वागतो, इंधन बाहेर जात असतानाही दाब धरून ठेवतो आणि गळका पाईप पास होतो. टाकी २ चा पाईप फेल: तासाला १.९ लिटर. डिस्पेंसरखालचे सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा पाहिले, आकडा तोच. म्हणजे गळती डिस्पेंसरच्या आत नाही, गाडलेल्या भागात आहे.

हिशेब जुळतो का पाहिले. पाईप दिवसाला साधारण १२ तास दाबाखाली असतो. १८ लिटर भागिले १२ म्हणजे तासाला १.५ लिटर. दाब दीडपट झाला की छिद्रातला प्रवाह दीडच्या वर्गमुळाने, म्हणजे १.२२ पटीने वाढतो. १.५ गुणिले १.२२ म्हणजे १.८३. चाचणीत १.९. दोन अगदी वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, त्यामुळे साठ्याच्या नोंदवहीवर भरवसा ठेवता येतो.

पाईप रिकामा करून वेगळा केला. टाकी २ बंद.

१२ आणि १३ फेब्रुवारी

बोअर सहा, बो-१ ते बो-६. प्रत्येक जागी काँक्रीट कापून पहिले १.५ मी. हाताने. मशीन त्यानंतरच. टाकीपासून किमान ३ मी. अंतर, आणि टाकीखड्ड्यात एकही बोअर नाही. खड्ड्याच्या तळाची चिकण माती फोडली तर भरावात साठलेले घाण पाणी थेट वाळूत सोडल्यासारखे होईल.

वायुमापक बोअरच्या तोंडाशी सतत चालू. स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांना काम थांबवायचे. पेट्रोलच्या वाफेची खालची स्फोटमर्यादा हवेत सुमारे १.४ टक्के, म्हणजे १४,००० पीपीएम (दशलक्षात १४,००० भाग), आणि तिचा दहावा भाग १,४०० पीपीएम. बो-३ वर दोनदा थांबावे लागले, पंख्याने हवा खेळवल्यावर पुढे गेलो. स्फोटाचा धोका नसला म्हणून श्वास सुरक्षित होत नाही, हे प्रत्येक पाळीला सांगितले. बेंझिनचा अमेरिकेतला कामाच्या जागेचा आठ तासांचा निकष १ पीपीएम आहे. पीआयडी (अतिनील दिव्याचा वाफमापक) सगळ्या वाफा एकत्र मोजतो, बेंझिन वेगळे काढत नाही. त्यासाठी बेंझिनची काचनळी वापरली.

मातीचा क्रम सगळीकडे जवळपास एकच. वर ०.२ मी. काँक्रीट, ०.९ पर्यंत भराव, ४.० पर्यंत गाळमिश्रित चिकण माती, ६.५ पर्यंत बारीक ते मध्यम वाळू, त्याखाली घट्ट चिकण माती. पाणी ४.६ मीटरच्या आसपास.

पिशवी-चाचणी प्रत्येक अर्ध्या मीटरला. झिपची पिशवी निम्मी मातीने भरायची, ढेकळे बाहेरून फोडायची, १५ मिनिटे सावलीत ठेवायची आणि पीआयडीची नळी खुपसून सर्वात वरचा आकडा लिहायचा. दिवा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, कॅलिब्रेशन १०० पीपीएम आयसोब्युटिलीनवर. पिशव्या सगळ्या सारख्याच वेळ आणि सारख्याच तापमानात ठेवायला हव्यात, नाहीतर दुपारचे बोअर सकाळच्या बोअरपेक्षा उगाच घाण दिसतात. ओल्या मातीच्या वाफेने दिवा धुकट होतो आणि आकडा खाली येतो. म्हणून दर दहा पिशव्यांनंतर पुन्हा १०० पीपीएम वायू दाखवून पाहिला. एकदा ८१ आला, दिवा पुसला, त्याआधीच्या चार पिशव्या पुन्हा केल्या.

आकडे नुसते मोठे आहेत का ते पाहायचे नसते, ते खोलीप्रमाणे कसे बदलतात ते पाहायचे.

बो-३, डिस्पेंसर २ जवळ, पाईपच्या वळणापासून १.५ मीटरवर: ०.८ मी. वर ६४०, २.५ वर १,१५०, ४.२ वर १,९००, ५.५ वर ३१०. वरपासून पाण्यापर्यंत अखंड घाण. उगम इथेच.

बो-५, भरणीच्या तोंडाजवळ: ०.५ मी. वर ४२०, १.५ वर ९०, २.५ वर ६. वरून सांडलेले, चिकण मातीत अडकलेले. खाली गेलेले नाही.

बो-१, टाकीखड्ड्याच्या दक्षिणेला: ३.५ मी. पर्यंत शून्याच्या आसपास, मग ४.३ ते ४.८ मध्ये अचानक ८५०. इथे वरून काही उतरलेले नाही. वाळूत पाण्याच्या पातळीवरून आडवे सरकत आलेले आहे. हा थर ४.० ते ५.१ मी. असा माखलेला दिसतो. म्हणजे पाणी वर्षभरात किमान तेवढे चढउतार करत असावे आणि तरंगते इंधन प्रत्येक वेळी मातीला माखत असावे.

प्रयोगशाळेसाठी प्रत्येक बोअरमधून दोन नमुने: सर्वात जास्त आकड्याचा आणि त्याखालचा पहिला स्वच्छ. गाभा उघडताच दट्ट्याच्या नळीने ५ ग्रॅम माती उचलून थेट मिथेनॉल असलेल्या आधीच वजन केलेल्या ४० मि.लि. व्हायलमध्ये (काचेच्या छोट्या बाटलीत). बरणीत माती दाबून भरण्याची जुनी पद्धत वापरली नाही. तिच्यात बेंझिन वाटेतच उडून जाते आणि माती आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते. व्हायलच्या काठावर वाळूचा एक कण राहिला तरी झाकण बसत नाही, काठ पुसायलाच हवा.

१६ ते १८ फेब्रुवारी

निरीक्षण विहिरी पाच. नि-१ ईशान्येला, नि-२ वायव्येला, नि-३ आग्नेयेला, नि-४ नैऋत्येला, नि-५ डिस्पेंसर २ च्या थोडी खाली. बोअर १५० मि.मी., पाईप ५० मि.मी. पीव्हीसी, बाहेरचा व्यास ६० मि.मी. जोड आट्यांचेच. सॉल्व्हेंट सिमेंट अजिबात नाही, त्यातली टेट्राहायड्रोफ्युरान आणि मिथाइल इथाइल कीटोन ही द्रव्ये पुढे महिनोन्‌महिने नमुन्यात येत राहतात.

जाळीचा भाग ३.४ ते ६.४ मी., चिरा ०.२५ मि.मी. जाळीचे वरचे टोक मुद्दाम पाण्याच्या पातळीच्या वर ठेवले. ती पूर्ण पाण्याखाली बसवली तर तरंगणारे इंधन विहिरीत येतच नाही आणि ‘थर नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो. खाली ६.४ ला थांबलो, ६.५ ची चिकण माती फोडायची नाही.

सामानाचा हिशेब आधी केला: बोअर आणि पाईप यांमधली पोकळी मीटरला १४.८ लिटर. फिल्टरवाळू ६.४ पासून ३.० पर्यंत, ३.४ मीटरला ५० लिटर, साधारण ८० किलो. त्यावर २.२ पर्यंत बेंटोनाइटच्या (पाण्याने फुगून पोकळी बंद करणाऱ्या चिकण मातीच्या) गोळ्या, १२ लिटर. त्यावर ०.५ पर्यंत सिमेंट-बेंटोनाइट ग्राउट, २५ लिटर. वर पाणबंद मॅनहोल. वाळू हिशेबापेक्षा जास्त गेली तर बोअर कुठेतरी ढासळला आहे. कमी गेली तर वाळू मध्येच अडकून पूल झाला आहे आणि त्याखाली पोकळी आहे. नि-३ मध्ये ३० लिटरलाच वाळू ३.२ वर दिसायला लागली. पाईप हलवून, पाणी सोडून पूल मोडला, मग उरलेली २० लिटर गेली. मोजपट्टीने खोली न पाहता गोळ्या टाकल्या असत्या तर बेंटोनाइट जाळीसमोर बसले असते आणि विहीर फुकट गेली असती. बेंटोनाइटला फुगायला तासभर दिला, ग्राउट त्यानंतर.

२० फेब्रुवारी

विहिरी साफ केल्या. दट्ट्या वरखाली करून आणि उपसा करून गढूळपणा १० एनटीयूच्या (गढूळपणाचे एकक) खाली येईपर्यंत. नि-२ ला सर्वात जास्त वेळ लागला. नि-५ मध्ये इंधनाचा वास तीव्र, तिथे दट्ट्या वापरला नाही, नाहीतर थर ढवळून पाण्यात मिसळतो. उपसलेले सगळे पाणी ड्रममध्ये, चिठ्ठी लावून.

२४ फेब्रुवारी

पातळ्या. जमीन १००.०० धरून प्रत्येक पाईपच्या उत्तरेकडच्या काठावर खूण करून लेव्हलिंग केले. खूण नसेल तर पुढच्या वेळी दुसरा माणूस दुसऱ्या काठावरून मोजतो आणि १ सें.मी. इकडे तिकडे होतो. इथे विहिरींमधला फरकच काही सेंटिमीटरचा आहे.

नि-१: ९५.५८. नि-२: ९५.४२. नि-३: ९५.३६. नि-४: ९५.२०. टा-१: ९६.९०.

नि-५ मध्ये इंटरफेस प्रोबने (इंधन आणि पाणी यांच्या पातळ्या वेगवेगळ्या दाखवणाऱ्या उपकरणाने) इंधन ४.६२ मीटरवर, पाणी ४.८० वर, थर ०.१८ मी. थराच्या वजनाने पाणी खाली दबते, म्हणून दुरुस्ती: ४.८० वजा (०.१८ गुणिले ०.७४, पेट्रोलची पाण्याच्या तुलनेतली घनता), म्हणजे पाण्याची खरी खोली ४.६७. विहिरीतला थर १८ सें.मी. म्हणजे वाळूतही तेवढीच जाडी असा अर्थ काढू नये. वाळूच्या पोकळ्यांत इंधन, पाणी आणि हवा एकत्र असतात.

२६ फेब्रुवारी

सहा बिंदूंवरून समपातळी रेषा काढल्या. संगणकाने टाकीखड्ड्याभोवती गोल डोंगर काढला आणि भूजल तिथून चहूबाजूंना, सर्वात तीव्र पूर्वेकडे वाहते असे दाखवले. टा-१, नि-१ आणि नि-३ यांचा त्रिकोण घेतला तर उतार जवळपास ०.०५, पूर्वेकडे. हा नकाशा मान्य केला असता तर सीमेबाहेरच्या पुढच्या विहिरी पूर्वेला गेल्या असत्या आणि तिथे सगळे स्वच्छ निघाले असते.

नकाशा खरा मानायला दोन अडचणी. कोपऱ्यातल्या चार विहिरी एकमेकींशी अगदी जुळतात, त्यांचा एकच सपाट पृष्ठभाग बनतो, उतार ०.००६, दिशा नैऋत्य. एकट्या टा-१ ने तो आठपट केला आहे. आणि टा-१ चे पाणी बाकीच्यांच्या दीड मीटर वर आहे. खड्ड्याचा तळ ३.६ मीटरवर, वाळू ४.० पासून. खड्ड्यातला भराव म्हणजे चिकण मातीत ठेवलेली परात आहे. पावसाचे आणि धुण्याचे पाणी तिच्यात साठते. ते पाणी भूजल नाही.

२ मार्च

खात्री पावसाने केली. काल रात्री जोराचा पाऊस, सकाळी टा-१ मध्ये पाणी ०.४१ मी. वर. नि-१ ते नि-४ मध्ये फरक १ सें.मी.च्या आत. २६ फेब्रुवारीच्या नकाशावर फुली मारली. पातळीच्या नकाशात यापुढे टा-१ नाही. त्याच्या पाण्याची तपासणी मात्र करायची.

५ मार्च

पाण्याचे नमुने. क्रम स्वच्छाकडून घाणीकडे: नि-१, नि-२, नि-३, नि-४, शेवटी टा-१. नि-५ मध्ये थर असल्याने तिथे पाण्याचा नमुना नाही. थरातून खाली गेलेल्या नळीला इंधन चिकटते आणि जो आकडा येतो तो पाण्याचा नसतो. तिथून इंधनाचाच नमुना घेतला.

कमी प्रवाहाचा उपसा, मिनिटाला ०.२ लिटर, पातळीतली उतरण १० सें.मी.च्या आत. दर पाच मिनिटांनी नोंद. सलग तीन नोंदींत सामू ०.१ च्या आत, विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन १० टक्क्यांच्या आत स्थिरावल्यावरच व्हायल भरल्या. व्हायल काठोकाठ, झाकण लावून उलटी करून टिचकी मारायची, बुडबुडा दिसला तर ती व्हायल टाकून नवी. आम्लाने सामू २ च्या खाली, ४ अंशाला थंड, मुदत १४ दिवस. एमटीबीईच्या (पेट्रोलमध्ये मिसळलेले, पाण्यात सहज विरघळणारे द्रव्य) व्हायल वेगळ्या, त्यांत आम्लाऐवजी ट्रायसोडियम फॉस्फेट. प्रयोगशाळा नमुना तापवत असेल तर आम्लात एमटीबीईचे विघटन होते.

व्हायलवर मार्करने लिहू दिले नाही. शाईत टोल्युइन किंवा झायलिन असू शकते. पेन्सिल आणि छापील चिठ्ठी. नमुने चालू असताना शेजारच्या नोझलवर इंधन भरणे अर्धा तास थांबवले.

१७ मार्च

अहवाल आला. पाण्यातले सगळे आकडे मायक्रोग्रॅम प्रति लिटरमध्ये.

नि-१ आणि नि-२: काही नाही. नि-४: बेंझिन २,४००, टोल्युइन ३,१००, इथाइलबेंझिन ६२०, झायलिन २,९००, एमटीबीई ३४०. जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यातले बेंझिनचे मार्गदर्शक मूल्य १० आहे. टा-१: बेंझिन ३८, टोल्युइन ४५, इथाइलबेंझिन ७०, झायलिन २६०, एमटीबीई नाही.

बेंझिन आणि टोल्युइनची बेरीज भागिले इथाइलबेंझिन आणि झायलिनची बेरीज: नि-४ मध्ये १.५६, टा-१ मध्ये ०.२५. पहिली दोन द्रव्ये जास्त विरघळतात, लवकर उडतात, लवकर धुऊन जातात, त्यामुळे जुन्या सांडलेल्या इंधनात हे गुणोत्तर पडलेले असते. टाकीखड्ड्यातले जुने, नि-४ कडचे ताजे. अंतराप्रमाणेही हे गुणोत्तर बदलते, म्हणून एकट्या त्याच्यावर निर्णय नाही. पण साठ्याची तूट, पाईपची चाचणी, बो-३ ची खोलीनिहाय रांग आणि टा-१ मधला एमटीबीईचा अभाव, हे सगळे एकाच बाजूला बोट दाखवतात.

नि-३: टोल्युइन २.१, बाकी काही नाही. हा आकडा सोडावा लागला. ट्रिप ब्लँकमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतून न उघडता आलेल्या आणि गेलेल्या व्हायलमध्ये, टोल्युइन १.८ निघाले. जनरेटरच्या पेट्रोलचा कॅन नमुन्यांच्या पेटीच्याच गाडीत होता. झाकण घट्ट होते, तरी वाफ व्हायलच्या झाकणातल्या पडद्यातून आत गेली. नि-३ चा नमुना पुन्हा घ्यायचा. इंधनाचा कॅन यापुढे वेगळ्या गाडीत.

२४ मार्च

वाळूची पारगम्यता. नि-२ आणि नि-४ मध्ये ठोकळा-चाचणी: विहिरीच्या पाण्यात ठोकळा टाकून किंवा काढून पातळी किती वेगाने पूर्ववत होते ते पाहायचे. जाळी पाण्याच्या वर आलेली असल्याने ठोकळा आत टाकण्याची नाही, बाहेर काढल्यानंतरची वाढ मोजली. आत टाकल्यावर चढलेले पाणी कोरड्या फिल्टरवाळूत पसरते आणि पारगम्यता खोटी जास्त येते. सरासरी दिवसाला ६ मीटर. उतार ०.००६, परिणामी सच्छिद्रता ०.२८ धरून पाण्याचा वेग दिवसाला ०.१३ मी., वर्षाला सुमारे ४७ मी. वाळूत सेंद्रिय कार्बन ०.२ टक्के, त्यावरून बेंझिनचा मंदनगुणक (मातीला चिकटल्यामुळे ते पाण्यापेक्षा किती पट हळू सरकते) १.७, वेग वर्षाला २८ मी. एमटीबीई मातीला फारसे चिकटत नाही, ते जवळजवळ पाण्याबरोबरच चालते, वर्षाला ४३ मी. घराची कूपनलिका १६० मीटरवर. आधी पोहोचले तर एमटीबीईच पोहोचेल, म्हणून पहारा त्याच्यावर.

३० मार्च

नोकरखोलीखालची वाफ. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात पायापासून मोकळे इंधन ४.६ मी. आणि विरघळलेले प्रदूषण १.८ मी. पेक्षा खोल असेल तर वाफेची वेगळी तपासणी सहसा लागत नाही. इथे माखलेला थर ४.० पासूनच सुरू होतो, म्हणून तपासली. १.५ मीटरवर मातीतल्या हवेत ऑक्सिजन १६ टक्के, कार्बन डायऑक्साइड ३, पीआयडी ४ पीपीएम. वर येणारी वाफ जिवाणू वाटेतच खात आहेत, तेवढा ऑक्सिजन उरलेला आहे. सांडपाण्याच्या मॅनहोलमध्ये स्फोटमर्यादेचे शून्य, पीआयडी १२. चराचा तळ पाण्याच्या दोन मीटर वर असल्याने पाणी त्यात शिरत नाही, पण वाफेला ती मोकळी वाट आहे. दर आठवड्याला नोंद.

७ आणि ८ एप्रिल

सीमेबाहेर नैऋत्येला नि-६, नि-४ पासून ३५ मीटरवर, आणि नि-७, ८० मीटरवर. रचना तीच.

२२ एप्रिल

नि-६: बेंझिन ३१०, एमटीबीई २९०. नि-७: बेंझिन १.२, एमटीबीई ४६. कूपनलिका: दोन्ही नाही. नि-३ दुसऱ्यांदा: काही नाही.

नि-४ पासून नि-६ पर्यंत बेंझिन आठपट उतरले, एमटीबीई जेमतेम सातव्या हिश्शाने. दोन्ही नुसती पातळ होत असती तर सारख्याच पटीने उतरली असती. बेंझिन खाल्ले जात आहे. खाणारे कशावर जगतात ते पाण्यात दिसते: ऑक्सिजन नि-१ मध्ये ५.८ मि.ग्रॅ. प्रति लिटर, नि-४ मध्ये ०.३. सल्फेट ६२ वरून ४. विरघळलेले लोह ०.१ वरून ११. एक मि.ग्रॅ. बेंझिन संपवायला ३.१ मि.ग्रॅ. ऑक्सिजन किंवा ४.६ मि.ग्रॅ. सल्फेट लागते. म्हणजे इथल्या पाण्यातला ऑक्सिजन जेमतेम १.८ मि.ग्रॅ. बेंझिनला पुरतो आणि सल्फेट १२.६ मि.ग्रॅ. ला. खरा आधार सल्फेटचा आहे. नुसती हवा फुंकण्याचा प्रस्ताव मांडताना हे आकडे समोर हवेत.

एमटीबीईचे ४६ दुर्लक्षून चालणार नाही. अमेरिकेतल्या सल्लामूल्यानुसार चव आणि वास साधारण २० ते ४० ला लागतो. घरमालकांना आज लेखी कळवले, पिण्यासाठी दुसऱ्या पाण्याची सोय आजपासून. कूपनलिका स्वच्छ निघाली तरीही, कारण तिचा उपसा वाढला की प्रदूषित पाण्याचा पट्टा तिकडे ओढला जाईल.

२९ एप्रिल

काँक्रीट उघडले. पाईपच्या वळणावर, ०.८ मीटर खोलीवर, आट्यांच्या कोपरजोडाला खालच्या बाजूने गंजून चीर, साधारण ३ सें.मी. जोडावरची संरक्षक पट्टी अर्धवट गुंडाळलेली. आखणीतल्या खुणेपासून ४० सें.मी.वर. बो-३ ला ०.८ मीटरवरच ६४० का आले याचा उलगडा झाला.

भोवतीची माती ३.० मी. पर्यंत काढली. त्याखाली छताच्या खांबाचा पाया उघडा पडला असता, म्हणून थांबलो. बाजूंचे पीआयडी १५ ते ६०, तळाला १,०५०. तळ घाणच आहे, तशी नोंद करून, नमुना घेऊन, स्वच्छ मातीने भरले. टाकी २ चा संपूर्ण पाईप बदलायचा, दुपदरी लवचीक आणि वळणाशिवाय.

१२ मे

नि-५ मधला थर बेलरने (दोरीने सोडायच्या उपसा-नळीने) पूर्ण काढला आणि परत भरण्याचा वेग पाहिला. १८ सें.मी. पैकी २४ तासांत ७ सें.मी., तीन दिवसांत ९. इंधन अजून हलते, पण सावकाश. फक्त उपसून ते संपणार नाही. माखलेल्या थरातून वाफ ओढण्याची चाचणी इथेच घ्यायची. वरच्या चिकण मातीतून हवा जात नाही, म्हणून ओढ-विहिरीची जाळी ४.० ते ५.१ मध्येच, आणि पाणी खाली असेल त्या महिन्यांत. पाणी चढले की तो थर बुडतो आणि ओढायला हवाच उरत नाही.

टा-१ चे पाणी उपसून टँकरने प्रक्रियेला पाठवले, ११,००० लिटर. भरणीच्या तोंडाची सांडपेटी तडकलेली आहे, बदलायची. बदलेपर्यंत टँकर लावू नये असे व्यवस्थापकांना सांगितले.

पुढची फेरी ऑगस्टमध्ये: पातळ्या सर्व विहिरींच्या एकाच दिवशी, टा-१ वेगळ्या रकान्यात. नि-४, नि-६, नि-७ आणि कूपनलिका यांचे नमुने. कूपनलिकेत एमटीबीई दर महिन्याला. नि-७ आणि कूपनलिका यांच्यामध्ये १२० मीटरवर नि-८ ची जागा आखली आहे, जागामालकाच्या परवानगीची वाट.